स्वतंत्र चित्रपटनिर्मिती आणि संस्थानामाचा प्रश्न

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत बहुधा सर्वांच्या आधी पडद्यावर येते ते निर्मितिसंस्थेचे नाव. प्रेक्षक ते वाचतो न वाचतो तोच ते निघून जाते, आणि समीक्षेनेही त्याची क्वचितच दखल घेतली आहे. कथा, संवाद, छायालेखन, संकलन, अभिनय या अंगांचा विचार ज्या बारकाईने होतो, तिचा अल्पांशही या नावाच्या वाट्याला येत नाही. तथापि मोठ्या स्टुडिओच्या किंवा धनिक वितरकाच्या आश्रयाबाहेर राहून चित्रपट निर्माण करू पाहणाऱ्या कलावंतापुढे हाच प्रश्न अगदी आरंभी उभा राहतो. चित्रपट स्वतःच्या नावावर काढावा, की आधी एखाद्या संस्थेचे नाव धारण करावे?

या प्रश्नाची दोन उत्तरे प्रचलित आहेत. पहिले व्यवहारवादी. त्यानुसार संस्थेच्या नावाशिवाय चित्रपटाला भारदस्तपणा येत नाही, वितरक बोलणी करीत नाही, म्हणून नाव हवेच. दुसरे कलावादी. त्यानुसार कवी कवितेखाली स्वतःचे नाव घालतो आणि चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतो, मग चित्रपटकर्त्याने व्यापारी पेढीप्रमाणे पाटी का लावावी? दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, आणि अपुरेपणाचे कारण एकच आहे. नाव, संस्था आणि स्वामित्व या तीन भिन्न गोष्टी दोन्ही पक्षांनी एकच मानल्या आहेत. नाव असून संस्था नसणे शक्य आहे. संस्था असून स्वामित्व दुसऱ्याकडे असणेही शक्य आहे. या तिघांचा परस्परसंबंध मराठी व भारतीय चित्रपटाच्या इतिहासातून तपासून पाहिला, म्हणजे स्वतंत्र निर्मात्याची खरी गरज कोणती हे स्पष्ट होऊ शकेल.

१. मंडळीपासून कंपनीपर्यंत

महाराष्ट्रात चित्रसंस्थांच्या नावाची परंपरा नाटकमंडळ्यांपासून सुरू होते. ‘किर्लोस्कर नाटक मंडळी’ (१८८०), ‘ललितकलादर्श’ (१९०८) आणि ‘गंधर्व नाटक मंडळी’ (१९१३) या नावांकडे पाहिले तर दोन प्रवृत्ती दिसतात. काही नावे व्यक्तीची आहेत, काही ध्येयाची. परंतु ‘मंडळी’ हा शब्द दोहोंतही अर्थपूर्ण होता. ती खरोखरच माणसांची मंडळी असे. एकत्र बिऱ्हाड, एकत्र पंगत, एकत्र प्रवास आणि एकत्र तालीम असा तिचा संसार होता. नाव हे त्या संसाराचे नाव होते.

त्याचबरोबर नावामागे उत्तरदायी व्यक्ती कोण, हा प्रश्न तेव्हाही होता. गंधर्व नाटक मंडळी बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी मिळून उभी केली. पुढे भागीदार दूर झाले, मंडळीवर कर्जाचा डोंगर चढला आणि तो बालगंधर्वांनी स्वतः खपून उतरविला. मंडळीचे नाव व्यक्तीला कर्जापासून वाचवू शकले नाही, कारण विधीच्या दृष्टीने त्या नावाला व्यक्तीहून वेगळे अस्तित्वच नव्हते. ही गोष्ट नैतिक थोरवीची म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु संस्थानामाच्या विचारात तिचा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा ठरतो. नाव ही ढाल नव्हे.

गंधर्व मंडळी ज्या वर्षी स्थापन झाली, त्याच १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दाखविला गेला. स्वतंत्र निर्मात्याचे याहून शुद्ध उदाहरण सापडणे कठीण. विमा तारण ठेवून उभारलेले भांडवल, घरातच थाटलेली प्रयोगशाळा, आणि मदतीस पत्नी व मुले. या निर्मितीवर ‘फाळके’ हे नाव होते, आणि नाव, संस्था व स्वामित्व या तिन्ही गोष्टी तेथे एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटल्या होत्या. १९१८ साली भांडवलदार भागीदारांसह ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी’ अस्तित्वात आली. नाव व्यक्तीचे न राहता देशाचे झाले. भांडवलाची चणचण कमी झाली, पण कारभाराविषयी मतभेद उत्पन्न होऊन फाळक्यांना कंपनी सोडावी लागली. १९२२ साली ते परत आले खरे, परंतु ते स्वतःच्या घरी परतलेल्या धन्यासारखे नव्हे. त्यांचा अखेरचा चित्रपट ‘गंगावतरण’ (१९३७) ‘कोल्हापूर सिनेटोन’ या परक्या नावाखाली निघाला.

फाळक्यांच्या या वाटचालीवरून मोठे नाव वाईट व लहान नाव चांगले असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. ‘हिंदुस्थान’ हे नाव पोकळ नव्हते. त्या नावाखाली फाळक्यांनी अनेक मूकपट निर्माण केले. गमावले गेले ते वेगळेच होते. नावाची व्याप्ती वाढत असताना निर्णयाचा अधिकार कोणाच्या हाती राहील, याची निश्चिती कलावंताच्या बाजूने झाली नाही. व्यापक नाव व निसटते स्वामित्व यांचा हा संयोग पुढील शंभर वर्षांत पुनःपुन्हा आढळतो.

२. ‘प्रभात’: नाव हीच शैली

बाबूराव पेंटर यांच्या ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’तून बाहेर पडलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर या चौघांनी, भांडवल पुरविणाऱ्या सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह, १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन केली. १९३३ साली कंपनी पुण्यास आली. पाच भागीदार असूनही नावात एकाचेही नाव नाही; प्रांताचे नाही, देशाचेही नाही. एका वेळेचे नाव आहे, आणि तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीच्या बोधचिन्हाने त्या वेळेला दृश्य रूप दिले. संस्कृत नाटकात नांदीने जे साधे, ते या चिन्हाने साधले. प्रेक्षकाच्या मनाची पूर्वतयारी होई आणि पुढे येणाऱ्या कृतीविषयी एक आश्वासन त्याला मिळे.

मराठी चित्रपटाच्या इतिहासात निर्मितिसंस्थेचे नाव ही समीक्षेची संज्ञा बनल्याचे ठळक उदाहरण ‘प्रभात’चे आहे. ‘संत तुकाराम’ (१९३६) हा चित्रपट दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तरी सामान्य रसिकाच्या तोंडी तो ‘प्रभातचा तुकाराम’ म्हणूनच राहिला. यात दिग्दर्शकांवर अन्याय आहे, असे वरवर वाटेल. परंतु कलादिग्दर्शन, ध्वनिलेखन, छायालेखन, संगीत आणि नटवर्ग यांचा जो एकजीव मेळ त्या चित्रपटात आढळतो, तो एका छत्राखाली वर्षानुवर्षे काम करणाऱ्या पथकाचा आहे. त्या मेळाला कर्त्याचे नाव द्यावयाचे झाल्यास ‘प्रभात’ हेच नाव सर्वांत सत्य ठरते. येथे नाव संस्थेची पाटी न राहता शैलीचे नाव झाले आहे.

१९४२ साली शांतारामांनी ‘प्रभात’ सोडली आणि मुंबईस ‘राजकमल कलामंदिर’ उभारले. वडील राजाराम व आई कमळा यांच्या नावांतून साधलेले हे नाव कौटुंबिक आहे, पण ‘कलामंदिर’ या पदाने त्याला सार्वजनिक रूप दिले. ‘शकुंतला’ (१९४३) पासून या नावाची स्वतंत्र परंपरा सुरू झाली. ‘प्रभात’ हे नाव मात्र मागे राहिले आणि कंपनी १९५३ साली बंद पडली. नाव तेच राहिले तरी माणसे गेल्यावर शैली टिकत नाही, हे त्यातून दिसले. आणि माणूस दुसऱ्या नावाखाली गेला तरी त्याचे कौशल्य त्याच्याबरोबर जाते, हेही दिसले. मग नावात शिल्लक काय राहते? शिल्लक राहते ती पूर्वी केलेल्या कामाची स्मृती, आणि त्या कामावरील हक्क. स्मृती प्रेक्षकाची; हक्क ज्याच्या दप्तरी नोंदला असेल त्याचा.

याच सुमारास ‘अत्रे पिक्चर्स’चा ‘श्यामची आई’ (१९५३) आला आणि १९५४ साली राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी ठरला. येथे संस्थानाम म्हणजे आचार्य अत्रे यांचे आडनाव. नाटककार, संपादक व वक्ता म्हणून ते नाव आधीच घराघरांत पोचलेले होते. संस्थेने व्यक्तीला प्रतिष्ठा दिली नाही, व्यक्तीने संस्थेला दिली. ज्याच्यापाशी असे नाव आहे, त्याला दुसरे शोधण्याची गरज नाही, एवढेच या उदाहरणावरून म्हणता येते. नवोदिताला ते लागू पडत नाही.

३. एक कृती, तीन नावे

स्टुडिओपद्धती मोडकळीस आल्यावर स्वतंत्र निर्मितीचा जो नवा अध्याय सुरू झाला, त्याचे मूळ बंगालमध्ये आहे. सत्यजित राय यांची अपू-चित्रत्रयी ही प्रस्तुत प्रश्नाची जणू कसोटीच होय. ‘पथेर पांचाली’ (१९५५) स्वतःच्या तुटपुंज्या पैशावर सुरू झाला, अडला आणि पश्चिम बंगाल सरकारच्या साहाय्याने पूर्ण झाला. निर्माता म्हणून नाव सरकारचे आहे. ‘अपराजितो’ (१९५६) ‘एपिक फिल्म्स’ या नावाने निघाला. ‘अपूर संसार’ (१९५९) ‘सत्यजित राय प्रॉडक्शन्स’चा आहे. एका कलाकृतीचे तीन भाग, आणि तिन्हींवर तीन निराळी नावे.

या त्रयीच्या एकात्मतेला त्यामुळे बाधा आली काय? मुळीच नाही. अपूचे बालपण, कैशोर आणि तारुण्य यांतून वाहणारी दृष्टी एकच आहे, आणि ती कोणत्या नावाखाली चित्रित झाली याचा मागमूसही चित्रचौकटीत नाही. कलावाद्यांच्या पक्षाला याहून बळकट पुरावा मिळणार नाही. परंतु याच त्रयीत व्यवहारवाद्यांचेही प्रमाण आहे. तीन नावे म्हणजे तीन स्वामी. पहिल्या चित्रपटाचा हक्क दिग्दर्शकाकडे नव्हता. त्याने जगभर मिळविलेल्या यशाचा धनी विधिदृष्ट्या सरकार होते. तिसऱ्या चित्रपटाच्या वेळी दिग्दर्शकाचे नावच निर्मितीचे नाव झाले, यात कलावंताच्या अनुभवाने घेतलेला धडा दिसतो. कृतीच्या ऐक्यासाठी संस्थानामाची गरज नाही. कृतीच्या स्वामित्वासाठी मात्र कोणाचे तरी निश्चित नाव लागते.

मराठीत हाच अनुभव जब्बार पटेल यांच्या आरंभीच्या चित्रपटांतून येतो. ‘सामना’ ‘गिरिराज पिक्चर्स’चा, ‘जैत रे जैत’ (१९७७) ‘महालक्ष्मी चित्र’चा, ‘सिंहासन’ (१९७९) आणि ‘उंबरठा’ (१९८२) ‘सुजाता चित्र’चे. सत्ता आणि माणूस यांच्या संघर्षाची ‘सामना’तून ‘सिंहासन’पर्यंत जाणारी रेषा अभ्यासकाला स्पष्ट दिसते, तिच्यासाठी या संस्थानामांचा त्याला काहीच उपयोग होत नाही. ‘प्रभात’प्रमाणे यांतील एकही नाव शैलीचे नाव झाले नाही, कारण प्रत्येक नावामागे ठरावीक कृतीपुरती जुळणी होती, संसार नव्हता. हा त्या निर्मात्यांचा दोष नव्हे. त्यांनी पदरमोड करून किंवा जोखीम पत्करून जे शक्य केले त्याचे मोल मोठे आहे. परंतु संस्थानामाने प्रतिष्ठा मिळते या समजुतीला त्यांच्या इतिहासात आधार सापडत नाही. प्रतिष्ठा चित्रपटांनी मिळविली व नावांना दिली.

४. सामूहिक नावाचे नीतिमूल्य

येथवरच्या विवेचनाने संस्थानाम गौण ठरते असे वाटेल. तथापि एक प्रकार असा आहे की, जेथे नाव गौण नसून सत्यकथनासाठीच आवश्यक होते. तो म्हणजे सामूहिक निर्मितीचा.

अडूर गोपालकृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली तिरुवनंतपुरम येथे ‘चित्रलेखा’ ही सहकारी संस्था काढली. ‘स्वयंवरम्’ (१९७२) हे तिचे फळ. पुण्याच्या चित्रपटशिक्षणसंस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ ही सहकारी संस्था स्थापून विजय तेंडुलकरांच्या नाटकावरील ‘घाशीराम कोतवाल’ (१९७६) निर्माण केला. त्याचे दिग्दर्शन मणि कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा व कमल स्वरूप यांच्याकडे सामूहिक रीतीने होते. अशा कृतीवर एकाच व्यक्तीचे नाव घालणे असत्य झाले असते, आणि सर्वांची नावे ओळीने घालूनही जो नाते-व्यवहार सांगता आला नसता तो ‘युक्त’ या एका विशेषणाने सांगितला. जोडलेले, आणि उचितही. ‘युक्त’च्या नावावर चित्रपटांची संख्या मोजकीच राहिली, पण नाव खोटे नव्हते.

याच वर्षी आलेला श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (१९७६) अधिक बोलका आहे. गुजरातेतील दूध उत्पादकांच्या सहकारी महासंघाच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन तो निर्माण केला, आणि श्रेयनामावलीत निर्माते म्हणून त्यांचाच उल्लेख आला. सहकाराविषयीचा चित्रपट सहकारानेच निघाला. आशय आणि निर्मितीची रीत यांत अंतर उरले नाही. जवळजवळ अर्धशतकानंतर, २०२४ साली, या चित्रपटाचे पुनरुद्धारित रूप कान महोत्सवात दाखविले गेले, आणि त्या पुनरुद्धारात तोच महासंघ सहभागी होता. चित्रपटापूर्वीपासून जगत असलेली आणि नंतरही जगत राहिलेली संस्था पाठीशी असल्यामुळे ‘हा चित्रपट कोणाचा?’ असा प्रश्न अठ्ठेचाळीस वर्षांनंतरही विचारावा लागला नाही.

मराठीतील सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘विचित्र निर्मिती’चे उदाहरण लहान प्रमाणावरील असले तरी या वर्गातच बसते. ‘विचित्र’ या शब्दात संस्कृतातील ‘नानारंगी’ आणि मराठीतील ‘चमत्कारिक’ हे दोन्ही अर्थ आहेत. शिवाय त्याच्या पोटात ‘चित्र’ आहेच. ‘वास्तुपुरुष’ (२००२) सारखा त्यांचा चित्रपट राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या निर्मितीचा होता, तर २०१७ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळविणाऱ्या ‘कासव’च्या निर्मितीत ते स्वतः सहभागी होते. पैसा कोणाचाही असो, दोघांच्या सहकार्याला एक स्थिर नाव होते, आणि त्या नावाने एकाला दुसऱ्यापुढे किंवा मागे ढकलले नाही. दोन वा अधिक व्यक्ती समान भावाने कृती घडवीत असतील, तेव्हा सामाईक नाव ही केवळ सोय राहत नाही. ती न्यायाची गरज होते.

५. विधीची भाषा

आता मूळ प्रश्नाच्या व्यावहारिक अंगाकडे वळता येईल. चित्रपट प्रमाणित करून घेण्यासाठी संस्था असणे आवश्यक आहे, असा नवोदितांचा समज असतो. १९५२ च्या चित्रपट अधिनियमाची भाषा याहून उदार आहे. चित्रपट प्रदर्शित करू इच्छिणारी कोणतीही व्यक्ती मंडळाकडे अर्ज करू शकते. संस्थानामाची सक्ती तेथे नाही.

स्वामित्वहक्काच्या कायद्यातील भाषा समीक्षकाच्या दृष्टीनेही अभ्यसनीय आहे. १९५७ च्या अधिनियमाने चित्रपटाचा ‘कर्ता’ कोण याचे मूळ उत्तर असे दिले होते की, चित्रपट पूर्ण होताना जो त्याचा मालक असेल तो. १९९४ च्या दुरुस्तीने कर्तेपण निर्मात्याकडे दिले, आणि निर्माता म्हणजे कृती निर्माण करण्याचा पुढाकार व जबाबदारी घेणारी व्यक्ती, अशी व्याख्या केली. केवळ मालकीवर आधारलेली कल्पना पुढाकार व उत्तरदायित्व यांच्याकडे सरकली, हे महत्त्वाचे परिवर्तन आहे. परंतु दिग्दर्शकाला त्यात स्थान मिळाले नाही. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी मुख्य दिग्दर्शकालाही सहकर्ता मानण्याची तरतूद विधेयकात होती. अखेरच्या कायद्यात ती राहिली नाही. परिणामतः, समीक्षा ज्याला चित्रपटाचा कर्ता म्हणते तो आणि कायदा ज्याला कर्ता म्हणतो तो, हे दोघे भिन्न असू शकतात. स्वतंत्र चित्रपटकर्त्याच्या दृष्टीने नावाच्या प्रश्नाचा गाभा येथे आहे. त्याने स्वतः निर्माता व्हावे, किंवा निर्मात्याशी हक्कांचा लेखी करार करावा. या दोहोंपैकी एक केल्यावाचून कितीही सुंदर संस्थानाम त्याच्या उपयोगी पडणार नाही.

‘संस्था’ या एकाच शब्दाखाली मराठीत किती भिन्न वस्तू वावरतात, हेही येथे पाहणे अवश्य आहे. एकट्या व्यक्तीने घेतलेले व्यापारी नाव म्हणजे विधिदृष्ट्या तीच व्यक्ती. कर्ज झाले तर तिचेच, दावा झाला तर तिच्यावरच. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार असा दावा त्या व्यापारी नावानेही दाखल होऊ शकतो, पण नाव व्यक्तीच्या आड उभे राहत नाही. दोघा मित्रांनी एकत्र येऊन नाव घेतले तर ती १९३२ च्या अधिनियमाखालील भागीदारी. ती नोंदणीकृत नसेल, तर करारावरून तिऱ्हाइताविरुद्ध दावा लावण्यास तिला प्रतिबंध आहे. म्हणजे वितरकाने पैसे थकविले तर न्यायालयाचे दार बंद. मर्यादित दायित्वाची भागीदारी (२००८ चा अधिनियम) किंवा कंपनी (२०१३ चा अधिनियम) यांना मात्र व्यक्तीहून पृथक् अस्तित्व आहे. एकाच सभासदाची कंपनी स्थापन करताना त्या सभासदाच्या मृत्यूनंतर तिची धुरा कोण घेईल, त्याचे नाव आधीच नोंदवावे लागते. कायद्याचे हे कोरडे कलम कलावंताला जो प्रश्न विचारते तो क्वचितच कोणी स्वतःला विचारतो: ‘नंतर कोण?’

हा प्रश्न काल्पनिक नाही. चित्रपटावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. ‘श्यामची आई’वरील संरक्षण त्या हिशेबाने २०१३ च्या अखेरीस संपले. साठ वर्षे हा काळ बहुतेक स्वतंत्र निर्मात्यांच्या उर्वरित आयुष्याहून मोठा आहे. प्रथम प्रदर्शनाच्या धामधुमीत घेतलेले हौशी नाव दहा वर्षांत विस्मृतीत जाते, भागीदार पांगतात, पत्ता बदलतो. आणि एखादे विद्यापीठ, संग्रहालय किंवा महोत्सव त्या चित्रपटाची प्रत मागू लागले, तर परवानगी कोणाकडून घ्यावी हेच ठरत नाही. चित्रपट असूनही तो दाखविता येत नाही. ज्यांच्यामागे स्टुडिओचे दप्तर नाही, त्या स्वतंत्र चित्रपटांवर हे संकट अधिक वेळा येते. तेव्हा अनिश्चित संस्थानामापेक्षा निर्मात्याचे साधे, पूर्ण व्यक्तिनाम अधिक सुरक्षित ठरते. त्याचे वारस तरी शोधता येतात.

६. आजची नावे

अलीकडील मराठी स्वतंत्र चित्रपटातील दोन नावे या विवेचनाच्या प्रकाशात पाहण्याजोगी आहेत. चैतन्य ताम्हाणे यांचे ‘कोर्ट’ (२०१४) आणि ‘द डिसायपल’ (२०२०) हे दोन्ही चित्रपट विवेक गोंबर यांच्या ‘झू एंटरटेनमेंट’चे आहेत. ‘कोर्ट’मध्ये गोंबर यांनी वकिलाची भूमिकाही केली. एकाच निर्मात्याने एकाच दिग्दर्शकाच्या सलग दोन चित्रपटांची जोखीम घ्यावी, ही गोष्ट विरळा. या नावाला अर्थ आला तो नावाच्या शब्दार्थाने नव्हे, तर त्यामागील सातत्याने.

नागराज मंजुळे यांच्या ‘आटपाट’चे तसे नाही, तेथे नावच बोलते. व्रतकथांच्या कहाण्यांत ज्या आटपाट नगरापासून आरंभ होतो, ते मराठी मनाला बालपणापासून परिचित. त्या नगरात राजा असतो, गरीब ब्राह्मण असतो. ‘फँड्री’तील (२०१३) जब्याचे घर मात्र त्यात नसते. ‘सैराट’च्या (२०१६) आरंभी तेच नाव संस्थानाम म्हणून आले, तेव्हा कथा सांगण्याचा जुना अधिकार नव्या माणसांनी हाती घेतल्याची ती घोषणा ठरली. ‘प्रभात’नंतर संस्थानाम पुन्हा नांदीचे काम करू लागल्याचे हे लक्षणीय उदाहरण होय. मात्र ‘सैराट’सारख्या मोठ्या चित्रपटाच्या निर्मितीत ‘आटपाट’बरोबर एका बड्या उद्योगसंस्थेचेही नाव होते, हे अभ्यासकाने दृष्टिआड करू नये. अर्थपूर्ण नाव आणि आर्थिक स्वावलंबन या आजही वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

७. निष्कर्ष

स्वतंत्र चित्रपटकर्त्याला संस्थानामाची आवश्यकता आहे काय, या प्रश्नाचे उत्तर आता तीन पदांत देता येईल. एकट्याने एक चित्रपट काढणाऱ्याला ती नाही. त्याचे स्वतःचे नाव विधीला पुरेसे आहे आणि सत्यालाही. दोघांनी किंवा अनेकांनी मिळून काम करावयाचे असेल, तर सामाईक नाव हवे; पण ते नोंदलेले हवे, आणि कोणाचा वाटा किती हे पहिल्या चित्रीकरणाआधी लिहिलेले हवे. ज्याला एकामागून एक कृती निर्माण करावयाच्या आहेत, त्याने नावाबरोबर पृथक् अस्तित्वाची संस्था उभारावी, आणि तिच्या दप्तरात आपल्यानंतरच्या धन्याचीही नोंद करून ठेवावी.

या तिन्ही पदांत नाव शेवटी येते. आधी स्वामित्व निश्चित व्हावे, मग संस्था, मग नाव. प्रचलित क्रम याच्या उलट आहे. नाव व चिन्ह आधी ठरते, संस्था कागदोपत्री राहते आणि स्वामित्वाचा विचार चित्रपट विकण्याची वेळ आली म्हणजे होतो. फाळक्यांसारख्या पुरुषालाही या उलट्या क्रमाची किंमत द्यावी लागली.

समीक्षेकडेही यात एक कर्तव्य येते. श्रेयनामावलीतील ते पहिले नाव वाचून सोडून देण्याजोगे नाही. कृती कोणाच्या पुढाकाराने झाली, कोणाच्या जबाबदारीवर झाली आणि आज ती कोणाच्या हाती आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे चित्रपटविषयक प्रत्येक प्रबंधात नोंदविली गेली, तर त्या चित्रपटाचा पुढचा अभ्यासक त्याच्या प्रतीपर्यंत पोचू शकेल.